खुलताबादचा रिकामा मकबरा

अंबडहून वेरूळच्या दर्शनास निघालेले जैन कुटुंब बहुधा पहाटेच घर सोडते. माशाच्या आकारामुळे मत्स्योदरी हे नाव मिळालेली टेकडी मागे पडते, जालन्याच्या मोंढ्याला जाग येण्यापूर्वी गाडी छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलेली असते. शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा हा प्रवास सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा हिशेब मनात धरूनच आखला जातो. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांचे दर्शन, गुरुकुलाची भेट आणि परतीचा प्रवास, असा दिवसाचा क्रम ठरलेला असतो.

या वाटेवर दौलताबादचा किल्ला ओलांडला की कागजीपुरा लागतो. येथे तयार होणारा दौलताबादी कागद एके काळी दख्खनच्या दप्तरांत नावाजलेला होता. पुढे खुलताबाद येते आणि मग घाट उतरून वेरूळ. खुलताबाद बहुतेकांना भद्रा मारुतीमुळे आणि सुफी संतांच्या दर्ग्यांमुळे ठाऊक असते. १७०७ मध्ये मृत्यू पावलेल्या औरंगजेबाची उघड्या आकाशाखालील साधी कबर येथेच आहे. १६२६ मध्ये निधन पावलेल्या मलिक अंबरचा मकबरा येथे आहे आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल्-मुल्क हाही १७४८ मध्ये येथेच बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात विसावला. थोडक्यात, दख्खनवर राज्य केलेल्या अनेकांचा शेवटचा मुक्काम या लहानशा गावी पडला आहे.

या सर्व कबरींच्या गर्दीत एक वास्तू मात्र वेगळी आहे. गावाबाहेर, डोंगराळ माळावर तुर्की धाटणीचा एक घुमटाकार मकबरा उभा आहे. इस्तंबूलच्या शेवटच्या खलिफासाठी तो बांधला गेला. मात्र त्याच्या आत कोणाचीही कबर नाही. हजारो मैलांवरील उस्मानी, म्हणजेच ऑटोमन, घराण्याच्या पुरुषासाठी मराठवाड्याच्या डोंगरावर मकबरा का बांधला गेला आणि तो रिकामा का राहिला, ही कथा अंबड-जालन्याच्या माणसालाही अगदीच परकी नाही. कारण ज्या निजामाच्या राज्यात ती घडली, त्याच राज्यात अंबड होते. जालना जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, तोवर अंबड आणि खुलताबाद हे दोन्ही तालुके एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते.

उस्मानी घुमटाची रीत

ही वास्तू परकी का वाटते, हे समजण्यासाठी आधी मराठवाड्यातील मशिदीची घडण आठवावी लागते. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरने बांधलेली जामा मशीद पाहिली तर ओळीने उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी आणि प्रत्येक चौकावर लहान घुमटाकार छत, अशी तिची रचना दिसते. जागा वाढवायची तर खांबांची आणखी एक ओळ घालावी, इतकी ही रीत सरळ आहे.

इस्तंबूलच्या कारागिरांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्यासमोर आयासोफियाचा नमुना होता. इसवी सन ५३२ ते ५३७ या काळात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या त्या चर्चचा प्रचंड घुमट खांबांच्या जंगलाशिवाय उभा होता. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर उस्मानी सुलतानांनी ही विद्या आत्मसात केली आणि सोळाव्या शतकात सिनान या स्थपतीने ती पूर्णत्वास नेली. सुलतान सुलेमानसाठी त्याने १५५० ते १५५७ या काळात बांधलेली सुलेमानिये मशीद हे तिचे ठळक उदाहरण. तिचा मुख्य घुमट जमिनीपासून सुमारे ५३ मीटर उंच आणि सुमारे २६ मीटर व्यासाचा आहे. तो चार अतिजाड खांबांवर तोललेला आहे. तुर्की भाषेत अशा खांबांना हत्तीचे पाय म्हणतात. चौरस तळ आणि गोल घुमट यांची सांगड घालण्यासाठी चारही कोपऱ्यांतून वर चढत जाणारे त्रिकोणी वक्र भाग बांधले जातात. घुमटाचा बाहेरच्या दिशेने पडणारा रेटा समोरच्या आणि मागच्या अर्धघुमटांवर, त्यांच्याकडून आणखी लहान घुमटांवर आणि शेवटी बाहेरच्या भिंतींवर उतरतो. त्यामुळे दुरून पाहिले असता लहान घुमटांच्या पायऱ्या चढत मोठ्या घुमटापर्यंत गेल्यासारखे वाटते. आत मात्र अखंड मोकळी जागा मिळते आणि सर्व नमाजी एकाच छताखाली येतात. विजापूरचा गोलघुमट व्यासाने यापेक्षाही मोठा आहे. पण तेथे अर्धघुमटांचा आधार नाही, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी भार पेलला आहे. दोन प्रदेशांतील कारागिरांनी एकाच अडचणीवर काढलेले हे दोन वेगळे उपाय होत.

सुलेमानियेतील एक व्यवस्था व्यापारी मनाला विशेष भावेल. रात्री शेकडो तेलाचे दिवे लागत, त्यांची काजळी भिंती काळ्या करी. वास्तूतील हवेचा प्रवाह असा खेळविला होता की ती काजळी प्रवेशद्वारावरच्या एका दालनात साचावी. तेथून ती गोळा करून तिची शाई केली जात असे, असे सांगतात. टाकाऊ वस्तूचे जमेत रूपांतर करण्याची ही दृष्टी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मोठी उस्मानी मशीद एकटी उभी नसे. तिच्याभोवती पाठशाळा, रुग्णालय, स्नानगृह, प्रवाशांची सराय आणि इमारेत, म्हणजे गरिबांना व वाटसरूंना शिजविलेले अन्न देणारा मुदपाकखाना, असा सारा परिवार असे. त्याच्या खर्चासाठी गावांचा महसूल, दुकानांचे भाडे आणि इतर मिळकती कायमच्या लावून दिल्या जात. त्या दानपत्रास वक्फनामा म्हणत. कोणत्या मिळकतीतून किती उत्पन्न यावे, स्वयंपाक्यास किती वेतन द्यावे, पाठशाळेच्या शिक्षकास किती, याचा तपशील त्यात लिहिलेला असे. जैन संघांत ध्रुवफंडाची जी कल्पना आहे, मुद्दल राखावी आणि उत्पन्नातून कार्य चालवावे, तिच्याशी हे अगदी मिळतेजुळते आहे.

हिशेबाची चोखताही तशीच. सुलेमानियेच्या बांधकामाच्या मजुरीच्या वह्या आजही उपलब्ध असून विसाव्या शतकात ओमर लुत्फी बारकान या तुर्की अर्थेतिहासकाराने त्यांचा अभ्यास केला. त्यावरून असे दिसते की या कामावर सुमारे २७ लाख मनुष्यदिवस खर्ची पडले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक काम मजुरी घेणाऱ्या स्वतंत्र कारागिरांनी केले. त्या कारागिरांत ख्रिस्ती लोकांचे प्रमाणही मोठे होते.

आणखी एक गोष्ट अहिंसाधर्मी वाचकांना सांगण्याजोगी आहे. इस्तंबूलच्या अनेक मशिदींच्या भिंतींवर उंच, मांजराच्या झेपेबाहेर, दगडात कोरलेली छोटी पक्षिगृहे आहेत. उस्कुदार भागातील येनी वालिदे आणि आयाझमा या अठराव्या शतकातील मशिदींवर ती पाहावयास मिळतात. काहींना सज्जे आहेत, काहींना चिमुकले घुमट. आपल्याकडील पांजरापोळ किंवा दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालय ज्या करुणेतून उभे राहिले, तीच करुणा दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या धर्मात अशी प्रकट झाली.

सुलतानांचे मकबरे या मशिदींच्या आवारातच असत. त्यांना तुर्बे म्हणतात. अष्टकोनी किंवा चौरस इमारत, वर एकच घुमट आणि पुढे ओसरी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप. सुलेमानचा अष्टकोनी तुर्बे त्याच्या मशिदीच्या मागील बागेत आहे. मशिदीत येणारा माणूस त्या वाटेने जातो, अन्नछत्रात जेवणारा वाटसरू दुवा देतो, आणि मृताची आठवण अशी रोजच्या व्यवहारात जागी राहते. खुलताबादची वास्तू याच कुळातील आहे. मात्र तिच्याभोवती हा परिवार नाही.

शेवटच्या सुलतानाची शवपेटी

पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्याचा पराभव झाला. १ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकारा येथील राष्ट्रीय सभेने सुलतानपद रद्द केले. त्याच महिन्यात शेवटचा सुलतान सहावा मेहमेद वहीदुद्दीन ब्रिटिश युद्धनौकेतून देश सोडून गेला. १६ मे १९२६ रोजी इटलीतील सान रेमो येथे त्याचे निधन झाले, तेव्हा दुकानदारांची व इतर धनकोंची देणी थकलेली होती. धनकोंनी शवपेटीवर जप्ती आणविली. सहाशे वर्षे राज्य केलेल्या घराण्याच्या वारसाचा देह देणी भागेपर्यंत घरातच अडकून पडला. मुलीने खटपट करून रक्कम उभी केली आणि मगच देह दमास्कसला नेता आला.

दमास्कसमध्ये तो जेथे पुरला गेला, ती वास्तू सिनाननेच आखलेली. बरदा नदीकाठी सुलतान सुलेमानच्या आज्ञेवरून १५५४ नंतरच्या काही वर्षांत हा तकिया बांधला गेला. दक्षिणेस एकघुमटी मशीद आणि तिचे दोन बारीक मिनार, उत्तरेस मुदपाकखाना, दोन्ही बाजूंस यात्रेकरूंच्या घुमटांच्या खोल्या आणि मधोमध पाण्याचा हौद, अशी तिची मांडणी. काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे ही सीरियातील जुनी रीत सिनानने येथे आपल्या उस्मानी आराखड्यात सामावून घेतली. हजला निघालेल्या काफिल्यांना येथे मुक्काम आणि अन्न मिळे. ज्या सुलेमानने वाटसरूंसाठी ही धर्मशाळा बांधली, त्याच्याच वंशजाला पौणेचारशे वर्षांनी तिच्या आवारात वाटसरूसारखी जागा मिळाली. पूर्वजाने लोकांसाठी केलेली सोय अखेर घराच्याच माणसाच्या उपयोगी पडली, याहून मोठा नियतीचा हिशेब कोणता?

शेवटचे खलिफा आणि निजामाची तैनात

सुलतानपद गेले तरी खलिफापद काही काळ राहिले. १९ नोव्हेंबर १९२२ रोजी राष्ट्रीय सभेने अब्दुल मजीद यांची त्या पदावर निवड केली. ते १८६८ मध्ये जन्मलेले, सुलतान अब्दुल अझीझ यांचे पुत्र. चित्रकलेत आणि संगीतात त्यांचे मन रमे. राजवाड्यात बीथोवनचे संगीत वाजविणाऱ्या मंडळींचे त्यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. सत्ता नसलेले हे पद सोळा महिनेही टिकले नाही. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली आणि उस्मानी घराण्यास देशाबाहेर जाण्याचा हुकूम निघाला. पहाट होण्यापूर्वीच कुटुंबास दोल्माबाहचे राजवाड्यातून मोटारींनी चाताल्जा या रेल्वे स्थानकावर नेण्यात आले. तेथे गाडीची वाट पाहताना स्थानकप्रमुखाने त्यांना आपल्या घरी बसवून चहा दिला, अशी आठवण सांगितली जाते. तो ज्यू होता. खलिफांनी आभार मानले तेव्हा, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या आमच्या पूर्वजांना तुमच्याच घराण्याने आसरा दिला होता, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. संख्येने अल्प असलेल्या समाजांना या आठवणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

स्वित्झर्लंडमार्गे खलिफा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे स्थायिक झाले. उत्पन्नाचे साधन नव्हते. त्या वेळी मदतीस आले ते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. भारतात खिलाफत चळवळीचे पुढारी मौलाना शौकत अली यांनी त्यासाठी मध्यस्थी केली होती. निजामांनी खलिफांना तहहयात दरमहा ३०० पौंडांची तैनात बांधून दिली.

ही रक्कम मराठवाड्यातील तत्कालीन पेढीच्या भाषेत मांडून पाहता येते. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, त्यास हाली म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. अंबड-जालन्याच्या व्यापाऱ्यास मुंबईचा माल आणताना रोज या दोहोंचा हिशेब करावा लागे. सहा कलदार म्हणजे सात हाली, हे प्रमाण साधारणपणे धरले जाई. १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला. त्या दराने ३०० पौंडांचे ४,००० कलदार होतात आणि हालीत सुमारे ४,६६७. वर्षाचे ४८,००० कलदार. १९३७ मध्ये टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून ज्यांना मुखपृष्ठावर छापले, त्या निजामांस ही रक्कम जड नव्हती. परंतु संस्थानातील शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या आणि कर भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती लहानही नव्हती.

पुढे हा संबंध सोयरिकीत बदलला. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीस येथे खलिफांची एकुलती एक कन्या दुर्रुशेहवार यांचा विवाह निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी आणि त्यांच्याच कुळातील निलोफर यांचा विवाह धाकटे पुत्र मुअज्जम जाह यांच्याशी झाला. दुर्रुशेहवार त्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. नव्या घरी त्या नुसत्या अलंकारासारख्या राहिल्या नाहीत. स्त्रीशिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांत त्यांनी लक्ष घातले; हैदराबादेतील पुरानी हवेली भागात त्यांच्या नावाचे रुग्णालय आजही चालू आहे. निलोफर यांची एक दासी बाळंतपणात योग्य उपचारांअभावी दगावली, त्या दुःखातून स्त्रिया व मुलांसाठी निलोफर रुग्णालय उभे राहिले. तेथे आजही रोज गोरगरिबांची रांग लागते.

दहा वर्षांची प्रतीक्षा

२३ ऑगस्ट १९४४ रोजी, जर्मनांच्या ताब्यातून पॅरिस मुक्त होण्याच्या धामधुमीत, अब्दुल मजीद यांचे त्या शहरात हृदयविकाराने निधन झाले. वडील सुलतान अब्दुल अझीझ यांचा देह इस्तंबूलच्या दिवानयोलू रस्त्यावरील दुसऱ्या महमूदच्या तुर्बेत आहे. पित्याच्या शेजारी नाही, तरी निदान त्या शहरात जागा मिळावी म्हणून दुर्रुशेहवार यांनी तुर्कस्तानच्या सरकारकडे रदबदली केली. परवानगी मिळाली नाही. देह पॅरिसच्या मोठ्या मशिदीत ठेवण्यात आला.

दुसरी जागा हिंदुस्थानात होती. खलिफांना येथे विसावा मिळावा या हेतूने निजामांनी खुलताबादेत मकबरा बांधविला होता. ती जागा निवडण्यामागील विचार सहज लक्षात येतो. आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष तेथेच होता आणि चौदाव्या शतकापासून सुफी संतांच्या वास्तव्याने ती भूमी मुसलमान समाजात पवित्र मानली जात होती. सोयऱ्याला आपल्या मूळ पुरुषाजवळ जागा द्यावी, हा त्यामागील जिव्हाळा.

परंतु काळाची पावले निराळी पडत होती. हैदराबाद संस्थानातील जनतेचा लढा तीव्र झाला, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होऊन मराठवाडा मुक्त झाला आणि निजामांची स्वतंत्र सत्ता संपली. पॅरिसमधील देह खुलताबादला आलाच नाही. दहा वर्षे वाट पाहून अखेर १९५४ च्या मार्चमध्ये तो मदिनेस नेण्यात आला आणि तेथील बकी दफनभूमीत मातीस मिळाला.

कन्येची कथाही तशीच संपली. ज्या देशाने पित्यास मातीची जागा नाकारली, तेथे आपणही विसावू नये, असा दुर्रुशेहवार यांचा निश्चय असल्याचे सांगतात. २००६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि इंग्लंडमधील ब्रुकवूड दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. त्यांचे पुत्र मुकर्रम जाह यांनी जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलमध्ये देह ठेवला. त्यांना मात्र हैदराबादच्या मक्का मशिदीत पूर्वजांजवळ आणण्यात आले. वडील मदिनेत, कन्या इंग्लंडमध्ये, नातू हैदराबादेत आणि मकबरा खुलताबादेत. एका कुटुंबाचा इतका विखुरलेला जमाखर्च क्वचितच पाहावयास मिळतो.

आज तो मकबरा पाहणाऱ्यास घुमट दिसतो, कमानी दिसतात, भोवती मराठवाड्याचा उन्हाने तापलेला माळ दिसतो. शेजारच्या दर्ग्यांवर चादरी चढतात, उरूस भरतात, फुलांची दुकाने चालतात. येथे ते काही नाही. दगडकाम कमी प्रतीचे आहे म्हणून हे घडले नाही. ज्या एका कार्यासाठी ती वास्तू बांधली, ते कार्यच तिच्या वाट्यास आले नाही, आणि दुसरे कोणते कार्य तिला कोणी जोडून दिले नाही.

डोंगरावरील पार्श्वनाथ

खुलताबादचा घाट उतरून यात्रेकरू वेरूळला पोहोचतात. जैन लेण्यांतील इंद्रसभा नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमाराची. ज्या मूर्तीला लोक इंद्र समजत आले, ती वास्तविक यक्षाची आणि इंद्राणी समजली गेलेली मूर्ती अंबिका यक्षीची, हेही येथे ध्यानी घ्यावे. लेण्यांच्या वरच्या अंगास डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिच्यावरील शिलालेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५, हा काळ दिला आहे. देवगिरीवर तेव्हा यादव राजा सिंघण राज्य करीत होता. श्रीवर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या दानशील श्रावकाने ती करविली. लेखात त्याच्या आजोबांचे, आईवडिलांचे नाव आहे आणि चारणमुनींच्या वास्तव्याने पवित्र झालेल्या डोंगरावर पार्श्वनाथांचे बिंब स्थापिल्याचा उल्लेख आहे.

चक्रेश्वराचे घर कोठे होते, हे आज दाखविता येत नाही. त्याची संपत्ती किती होती, हेही कोणी मोजलेले नाही. देवगिरीचे यादव गेले, खिलजी आले, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटी एकामागून एक आल्या आणि गेल्या. ती मूर्ती मात्र आजही पूज्य आहे. पायथ्याशी गुरुकुल आहे, तेथे मुले शिकतात, यात्रेकरूंच्या जेवणाची सोय होते. जे सुलेमानाने इस्तंबूल आणि दमास्कस येथे केले, पूजेजवळ पाठशाळा आणि पाठशाळेजवळ अन्न, तेच येथे श्रावकांनी आपल्या सामर्थ्यानुसार केले आहे.

तुलना धर्माधर्मांची नाही. सुलेमानिये मशिदीत आजही नमाज होतो, निलोफर रुग्णालयात आजही मुले जन्म घेतात. खुलताबादचे दर्गे सहाशे वर्षांहून अधिक काळ जागते आहेत. अंबडच्या मत्स्योदरीचा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केला आणि नवरात्रात त्या टेकडीच्या पायऱ्यांवर आजही माणूस मावत नाही. या सर्वांत समान धागा एकच आहे. कोणाच्या तरी नित्याच्या गरजेशी त्या वास्तू बांधलेल्या आहेत. केवळ एका व्यक्तीच्या स्मृतीसाठी बांधलेली वास्तू ती व्यक्ती न आल्यास रिकामी राहते, आणि आल्यासही दोन पिढ्यांत एकाकी पडते.

गावोगावच्या संघांत आज नवे भवन, नवे सभागृह, नवी धर्मशाळा उभी राहात आहे. वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देणारी घरे अंबड-जालन्यात कमी नाहीत, आणि ते भूषणावहच आहे. मात्र बांधकामाचा आकडा जाहीर होताना ध्रुवफंडाचा आकडा बहुधा मागे राहतो. संगमरवराची प्रत ठरविण्यासाठी चार बैठका होतात. तेथे रोज दिवा कोण लावील, पाणी कोण भरील, दहा वर्षांनी गळणाऱ्या छताचा खर्च कोठून येईल, पाठशाळेच्या शिक्षकाचे मानधन कोणत्या उत्पन्नातून निघेल, यासाठी एकही होत नाही. उस्मानी सुलतान मशिदीचा पाया घालताना मुदपाकखान्याच्या स्वयंपाक्याचे वेतनही लिहून ठेवीत. चार-साडेचारशे वर्षांनीही ती वास्तू उभी आहे, यात त्या लिहिण्याचा वाटा सिनानच्या घुमटाइतकाच आहे.

म्हणून वेरूळला जाताना मुलांना घेऊन खुलताबादेत थोडा वेळ थांबणे योग्य ठरेल. तो घुमट दाखवावा, त्याची कथा सांगावी. खलिफापद, तैनात, सोयरीक, संस्थान हे सारे हाती असूनही माणसास आपल्या शेवटच्या साडेतीन हात जागेची निश्चिती नव्हती, हे त्यांस कळू द्यावे. अनित्य भावना पाठशाळेत मुखोद्गत करविली जाते. येथे ती डोळ्यांनी पाहता येते.

त्यानंतर घाट उतरून डोंगराच्या पायऱ्या चढाव्यात. चक्रेश्वराने करविलेल्या पार्श्वप्रभूंसमोर कोणी तरी अक्षता वाहिलेल्या असतील. गुरुकुलात मुलांची पंगत बसण्याची वेळ झालेली असेल. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून गाड्या परतीस लागतात आणि रात्री उशिरा अंबडच्या वेशीत शिरताना मत्स्योदरीच्या टेकडीवर दिवा लागलेला दिसतो.